घरात बायपोलर असेल तर : शांत महिन्यांत उरकून ठेवायची कामं

आमच्याकडे बायपोलर या मनाच्या आजाराचा पहिला चढ, म्हणजे अतिउत्साहाचा काळ आला, तो कुणाला आजार वाटलाच नाही. २००९ चा मे महिना, दादा चोवीस वर्षांचा. पहाटे तीनला उठून अंगण झाडायचा, सहाला बाबांना घेऊन फिरायला जायचा, दहा वाजेपर्यंत तीन मित्रांना धंद्याची योजना समजावून मोकळा. वर्षभर कोपऱ्यात बसून असलेला मुलगा बोलायला लागला म्हणून आईने सत्यनारायण घातला. तिसऱ्या आठवड्यात त्याने बाजारपेठेतल्या एका गाळ्याला दोन लाखांचं टोकन दिलं, मामाच्या अंगावर धावून गेला, आणि शेवटी तिघांनी धरून त्याला गाडीत बसवावं लागलं.

त्यानंतरच्या वर्षांत चार मोठे चढ आणि त्याहून जास्त उतार, म्हणजे नैराश्याचे काळ पाहिले. त्यातून कळलं ते हे, की चढ ऐन भरात आला की घरच्यांना करण्यासारखं फार थोडं उरतं. तेव्हा लागणाऱ्या सगळ्या गोष्टी मधल्या शांत महिन्यांत, त्या माणसाला शेजारी बसवून ठरवाव्या लागतात. डॉक्टरांना कोण फोन करणार, पैशाचं काय, कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार, सगळंच. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. जरा बरं वाटलं की विषय बंद. ‘आता कशाला त्या आठवणी उकरायच्या?’ आमच्या घरी हे वाक्य पाच वर्षं चाललं आणि त्याची किंमत आम्ही दोनदा मोजली.

पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत आजार असलेल्याला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द जरा पूजेच्या ताटातले वाटतात, पण ‘पेशंट’पेक्षा बरे. पुढे तेच वापरते.

पहिलं काम : आजवर काय झालं ते एका कागदावर

बायपोलरमध्ये मनाची पातळी दोन्हीकडे जाते. वरच्या बाजूला उन्माद, म्हणजे मेनिया : किमान आठवडाभर टिकणारा अतिउत्साह किंवा चिडखोरपणा, झोप तीन-चार तासांवर येऊनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा वाहतो, ‘माझ्यासारखा मीच’ असं वाटू लागतं. कधीकधी भास आणि संशयही. त्याचाच सौम्य प्रकार हायपोमेनिया. तो चार दिवसांचाही असू शकतो आणि बाहेरून ‘पोरगं लायनीला लागलं’ असाच दिसतो. खालच्या बाजूला नैराश्य, किमान दोन आठवड्यांचं, बऱ्याचदा कित्येक महिन्यांचं. आणि दोन्ही एकत्र आलेली मिश्र अवस्था : मन काळंकुट्ट आणि अंगात मात्र प्रचंड वेग. ही सगळ्यांत धोक्याची.

सकाळी आनंदी, दुपारी चिडलेला, रात्री रडका अशा माणसाला लोक सर्रास ‘बायपोलर’ म्हणतात. तसं नसतं. इथे चढ किंवा उतार दिवसेंदिवस टिकतो आणि माणूस ओळखीचा राहत नाही.

कागद कशासाठी? माणूस डॉक्टरांकडे जातो तो उतारात. चढात त्याला काही झालंय असं वाटतच नाही. मग डॉक्टरांना फक्त नैराश्य दिसतं आणि नुसती नैराश्याची गोळी सुरू होते. बायपोलरमध्ये ती एकटी दिली तर माणूस उसळून वर जाऊ शकतो. मागच्या चढाची हकीकत सांगणार कोण? घरचेच. म्हणून साल, महिना, तेव्हा काय दिसलं, किती दिवस टिकलं, आधी काय घडलं होतं (जागरण, बाळंतपण, परीक्षा, दम्यासाठी घेतलेली स्टेरॉइडची गोळी, गोळ्या बंद केल्या), कोणतं औषध किती डोसात लागू पडलं आणि कशाने त्रास झाला हे लिहा. नात्यात कुणाला ‘वेड लागलं होतं’, कुणी ‘विहिरीत पडलं’ असेल तर तेही लिहा. आमच्या आजोबांच्या भावाची गोष्ट बाबांनी चौथ्या भेटीत सांगितली. तोवर लाज आडवी येत होती.

देवऋषी, अंगारे, ‘बाहेरचं’ यात आमचेही दोन महिने गेले. त्यावर भाषण देत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचाराबाहेर आढळले होते, म्हणजे या रस्त्याने जाणारे आपण एकटे नाही. आईला नवस करायचा असेल तर करू दे. गोळी चुकली नाही म्हणजे झालं.

दुसरं काम : झोपेची वही

शंभर रुपयांचं यंत्र नको, अॅप नको. वहीत रोज एक आकडा : रात्री किती तास झोप. तो शुभार्थीनेच लिहायचा. आपण फक्त पाहायचं.

झोप कमी होणं ही चढाची चाहूल आहे आणि चढाचं कारणही आहे, म्हणून बाकी सगळं सोडून आधी इकडे लक्ष. आमच्या डॉक्टरांबरोबर ठरलेला नियम असा : सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरीही दिवसभर टवटवीत, की तिसऱ्या सकाळी फोन. ‘बघू आणखी दोन दिवस’ नाही. तुमचा आकडा वेगळा असेल. तो तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

त्याच वहीत मागच्या पानावर चाहुलींची यादी. पुस्तकातली नको, त्या माणसाची. दादाची अशी : शाळेतल्या मित्रांना फोन, संध्याकाळी गॉगल, दाढी दिवसातून दोनदा, बोलताना मध्येच हिंदी, वहिनीला महागडी साडी, गाणी म्हणणं. उताराची यादी वेगळी : आंघोळ टाळणं, फोन उलटा ठेवणं, चहा अर्धा टाकणं. ही यादी त्याला विचारूनच करा. त्याला आतून कळणारी लक्षणं आपल्याला बाहेरून दिसत नाहीत. ‘रंग जास्त गडद दिसायला लागतात,’ हे दादाने सांगितलं तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो होतो.

सणवार आणि लग्नसराई हा आपला खास धोका. गणपतीतली जागरणं, देवीचा गोंधळ, हळदीच्या रात्रीचा डीजे. जायचंच नाही असं केलं तर माणूस तुटतो. आम्ही ‘अकराला घरी’ असं ठरवलं आहे. गोंधळ रात्रभर चालला तरी दादा आरती करून निघतो. रात्रपाळीची नोकरी मात्र शक्यतो नकोच. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र मिळतं.

तिसरं काम : गोळ्यांची खडान्‌खडा माहिती

यात घरच्यांच्या चुकांनी सर्वाधिक नुकसान होतं, म्हणून जरा थांबून लिहिते.

लिथियम हे या आजारातलं जुनं आणि अजूनही पहिल्या पंक्तीतलं औषध. १९४९ साली ऑस्ट्रेलियात मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी त्याचा उन्मादावरचा उपयोग मांडला. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याचा पुरावा इतर औषधांपेक्षा भक्कम आहे. पण त्याची गुणकारी पातळी आणि विषारी पातळी अगदी शेजारी-शेजारी राहतात. रक्तातलं प्रमाण (लिटरमागे मिलिमोलमध्ये) साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची. लॅबमधला मुलगा हे विचारत नाही, आपणच सांगायचं. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी.

अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की लिथियम वाढतं. म्हणून निर्जळी हरतालिका बंद. कडक रोजाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात शेतात दिवसभर घाम गाळला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणखी एक सापळा असा : रक्तदाब निघतो, फॅमिली डॉक्टर म्हणतात ‘मीठ तोडा’, वर रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारी गोळी देतात, आणि पंधरा दिवसांत लिथियमची पातळी चढते. तसंच मेडिकलमधून अंगदुखीला आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनचं. ताप किंवा डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. पाकिटात एक चिठ्ठी कायम असावी : ‘मी लिथियम घेतो/घेते.’ प्रत्येक डॉक्टरांना, दाताच्यासुद्धा, ती दाखवायची.

हात जरासे थरथरणं, तहान लागणं, लघवी जास्त होणं हे लिथियमवर बऱ्याच जणांना होतं. पण हात जोरात हलू लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब आणि गुंगी आली, तर पुढची गोळी थांबवून सरळ दवाखाना गाठा.

सोडियम व्हॅल्प्रोएट उन्मादावर चांगलं, पण गर्भावर त्याचा परिणाम गंभीर असतो. बाळात मोठं जन्मजात व्यंग येण्याची शक्यता दहात एक इतकी असते, शिवाय बुद्धीच्या वाढीवर परिणाम वेगळा. मुलगी किंवा सून वयात असेल तर लग्न ठरण्याची वाट न पाहता आजच डॉक्टरांशी बोला. लॅमोट्रिजिन अगदी हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ आलं तर ‘उष्णता असेल’ म्हणून वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मध्येच पाच-सहा दिवस ती गोळी सुटली तर मूळ डोसवर उडी मारायची नाही, पुन्हा खालून सुरुवात करावी लागते. ओलान्झापिन, क्वेटियापिनने वजन आणि साखर वाढते; वजनकाटा घरात ठेवा.

गोळ्या का सोडतात? वजन, सुस्ती, लोकांचे टोमणे, ‘आता बरा आहे ना मी?’ ही कारणं असतातच. पण एक कारण आपण समजून घेत नाही : चढाची आठवण गोड असते. दादा म्हणाला होता, ‘तुम्हाला मी शांत हवाय. मला तो मी आवडायचा.’ याला उत्तर नाही. ऐकून घ्यायचं आणि त्रासाची यादी घेऊन बरोबर डॉक्टरांकडे जायचं. बहुतेक वेळा डोस किंवा गोळी बदलता येते. लिथियम एकदम तोडलं तर काही महिन्यांत जोराचा चढ येण्याची शक्यता मोठी असते, हे मात्र त्याला स्पष्ट सांगा.

वरणात गोळी कुटून घालणं अनेक घरांत चालतं. आम्हीही केलं. कळलं त्या दिवसापासून त्याने दीड वर्ष आईच्या हातचं वरण खाल्लं नाही. शिवाय आपण काय घेतोय हेच ठाऊक नसलेला माणूस पाणी, मीठ, तपासणी सांभाळणार कसा? करू नका.

चौथं काम : बोलायची रीत बसवणं

लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला पाहिलं की इस्पितळातून घरी गेलेले काही रुग्ण पुन्हा लवकर आजारी पडतात, आणि त्यात घरातल्या बोलण्याचा वाटा असतो : सततची टीका, राग आणि जीव गुदमरेल इतकी काळजी. ते काम स्किझोफ्रेनियावरचं होतं. पुढे बायपोलरमध्येही तेच आढळलं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी त्यावरून आखलेल्या कुटुंब-उपचारात नऊ महिन्यांत एकवीस बैठका असतात : आजाराची माहिती, बोलण्याचा सराव, अडचणी सोडवण्याचा सराव. बार्सिलोनात तर फक्त नातेवाइकांना शिकवलं, दीड-दीड तासाच्या बारा बैठकांत, रुग्ण तिथे नसताना. त्या घरांतल्या रुग्णांचे चढ कमी उलटले. नैराश्यावर मात्र तसा फरक दिसला नाही, आणि मला ते प्रामाणिक वाटतं. उतारात आपल्या हातात खरंच कमी असतं.

चढात वाद घालायचा नाही. ‘एवढा पैसा आणणार कुठून?’ असं विचारलं की पुढचे दोन तास योजना ऐका. आवाज खाली, वाक्य लहान, एका वेळी एकच माणूस बोलणार. आमच्याकडे ते काम वहिनीचं. बाबांनी त्या वेळी देवळात जायचं असं लेखी ठरलंय. वाक्यही ठरलेलं : ‘कल्पना लिहून ठेवू. आपला नियम अठ्ठेचाळीस तासांचा.’ म्हणजे कुठलाही मोठा निर्णय दोन रात्री झोपून मग. पाहुणे, टीव्ही, चहा-कॉफी कमी. दारू मुळीच नाही. हाणामारीची चिन्हं दिसली तर शूरपणा नको. मुलांना घेऊन शेजारी जायचं आणि ११२ लावायचा.

उतारात ‘जरा बाहेर पड, मन रमेल’, ‘तुला काय कमी आहे?’ ही दोन वाक्यं आधी घरातून हद्दपार करा. त्याऐवजी ‘चहा ठेवते, गॅलरीत बसू. बोलायलाच हवं असं नाही.’ कामं छोटी : आज फक्त दात घासणं, उद्या कोपऱ्यावरून दूध.

आत्महत्येबद्दल थेट विचारा. ‘दादा, जगू नये असं वाटतंय का? कसं करायचं ते डोक्यात आलंय का?’ विचारल्याने डोक्यात घुसत नाही. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. घरातली कीटकनाशकं आधीच बाहेर कुलपात, शेतावरच्या खोलीतलीसुद्धा. गोळ्यांचा महिन्याचा साठा त्याच्या हाती नको. आठवड्याचा डबा भरून द्यायचा. आणि उतारातून वर येताना, अंगात थोडी ताकद परतते ते दिवस जास्त जपायचे. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.

पाचवं काम : पैशाचा करार

लाजू नका, कागदावर लिहा आणि त्याचीही सही घ्या. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणलेली. क्रेडिट कार्ड शक्यतो नाहीच. मोठी रक्कम दोघांच्या सहीच्या खात्यात. सातबारा, घराचे कागद, दागिने तिसऱ्या विश्वासू माणसाकडे. चढात बाईक आणि गाडीची किल्ली कुणाकडे द्यायची त्याचं नाव. कराराला शेवटची तारीखही हवी : बरा झाल्यावर किती दिवसांनी सगळं त्याच्या हाती परत. ती ओळ नसेल तर करार म्हणजे कैद होते, आणि पुढच्या वेळी सही मिळत नाही.

सहावं काम : कायद्याचे कागद

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्यानुसार सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. आजारी असताना त्याच्या वतीने कोण बोलणार, हे तो बरा असताना ठरवतो. आमच्या दादाने बाबांना डावलून माझं नाव लिहिलं. बाबा चार दिवस रुसले. कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच सांगणारा लेखही करता येतो. त्याला साक्षीदार लागतात आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे नोंद करावी लागते.

माणूस दाखल व्हायला तयार नसेल आणि धोका खरा असेल, तर कलम ८९ खाली प्रतिनिधीच्या अर्जावरून, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासून, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करून घेता येतं. अगदी जिवावरची वेळ असेल तर कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला कलम ११५ मुळे तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरलं जातं, तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. शॉकला, म्हणजे विजेच्या उपचाराला (ईसीटी) घाबरू नका. भूल दिल्याशिवाय तो देणं आता बेकायदा आहे आणि गंभीर उतारात त्याचा गुण येतो. आरोग्यविम्यात मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरावा, हेही याच कायद्यात आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सवलती मिळतात.

सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. घरापासून अंतर, फोन आणि रात्री येणारा गाडीवाला हे वहीच्या पहिल्या पानावर असू दे.

लग्न आणि बाळंतपण

‘लग्न केलं की सुधारेल’ हे आमच्या आत्याचं औषध. लपवून केलेलं लग्न फसवणूक म्हणून कोर्टात रद्द होऊ शकतं, पण त्याआधीच नव्या माणसाला लपून गोळ्या घ्यायला लावून आपण पहिला चढ ओढवून घेतो. आम्ही साखरपुड्याआधी सांगितलं. दोन स्थळं गेली. तिसरी आमची वहिनी. तिने डॉक्टरांना एकटीने भेटून तासभर प्रश्न विचारले.

बाई शुभार्थी असेल तर बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे फार जोखमीचे. रात्री बाळाला दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं आणि आईला सलग झोप द्यायची, हे सातव्या महिन्यातच ठरवा. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची एकमेकांशी गाठ घालून द्या. आपणहून ती पडत नाही.

आपलं स्वतःचं

आठवड्यातली एक संध्याकाळ आजाराशिवायची. पाळ्या लावा, सगळा भार आई किंवा बायकोवर पडतो आणि कुणी बोलत नाही. ठाण्यातली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अशा संस्थांमुळे शुभंकरांना एकमेकांशी बोलायला जागा मिळाली. मी पहिल्या बैठकीला गेले तेव्हा एक गृहस्थ सांगत होते, ‘मुलगा शीळ घालत जिन्यावरून आला की माझ्या पोटात गोळा येतो.’ खोलीतले सगळे हसले. प्रत्येकाच्या घरची तीच गत.

आम्ही वही दरवर्षी पाडव्याला काढतो, श्रीखंड खाऊन झाल्यावर. यंदा दादाने चाहुलींच्या यादीतली शेवटची ओळ वाचली, पेन मागितलं आणि ‘गाणी म्हणणं’ खोडलं. ‘मी बरा असतानाही गातो,’ म्हणाला. आईने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. मग वहिनीने पेन घेऊन त्या खाडाखोडीशेजारी सही केली.